गर्डरला स्वेटर

सध्या नाशकात आहे, तीन आठवडे सुट्टी. सिडकोतल्या घरी बॅगा ठेवल्या न ठेवल्या तोच अण्णांनी आमच्या इंग्लंडमधल्या लेस्टरच्या किचनचा विषय काढला, कारण मी व्हॉट्सॲपवर हौसेने आधीचे आणि नंतरचे फोटो टाकले होते आणि नंतरचे त्यांना अजिबात पटले नव्हते. "एवढा सणसणीत गर्डर टाकला आणि पुठ्ठ्याच्या डब्यात घातला?" पुठ्ठा नाही हो अण्णा, जिप्सम बोर्ड. "तेच ते, पीओपीवाल्यांचं." अख्खी नोकरी सातपूर एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेलेला माणूस, लोखंड झाकणं म्हणजे त्यांना पैठणीवर रेनकोट.

तर झालं असं, आमचं तिकडचं घर १९३० च्या दशकातलं, दोन मजली, विटांचं, वरची जमीन लाकडी. किचन आणि डायनिंगमधली लोडबेअरिंग, म्हणजे वरचा भार पेलणारी, भिंत काढली, तिच्या जागी २०३ मिलिमीटर उंचीचा आय सेक्शनचा, म्हणजे इंग्रजी I च्या आकाराचा, लोखंडी गर्डर, मीटरला ३० किलो म्हणजे ४ मीटरचं १२० किलोचं धूड, चौघांनी मिळून चढवलं. नवरा म्हणाला असाच उघडा ठेवू, कॅफेसारखा दिसेल. बिल्डरने नुसता एक साधा बोर्ड मारून वर प्लास्टर करून टाकलं. मग बिल्डिंग इन्स्पेक्टर आले, टकटक करून बघितलं आणि म्हणाले काढा, आत काय आहे ते दिसल्याशिवाय सही नाही, याला ३० मिनिटं आग सोसता आली पाहिजे. गेले आमचे चार दिवस आणि ताजं प्लास्टर!

मग नीट झालं. गर्डरच्या दोन्ही खाचांत लाकडाचे ठोकळे घट्ट ठोकले आणि त्यांच्या आधाराने साडेबारा मिलिमीटरच्या बोर्डाचे दोन थर, तेही असे की पहिल्याच्या सांध्यावर दुसऱ्याचा सांधा येता कामा नये, दुसऱ्याला स्क्रू लांब, आणि सगळ्यावर स्किम, म्हणजे पातळ थराचं, प्लास्टर. फायबरवाला गुलाबी फायर बोर्डही मिळतो, किंवा एक खास पेंट येतो जो तापला की भाकरीसारखा टम्म फुगतो. नवऱ्याचा कॅफे त्यात जमला असता, पण आम्ही डब्यावरच भागवलं.

"पण लोखंड कुठे जळतं गं?" अण्णा.

जळत नाही अण्णा, मऊ पडतं. वितळायला १५०० अंशांच्या आसपास लागतात, पण साडेपाचशेलाच ताकद साठेक टक्क्यांवर येते, आणि पेटलेल्या खोलीत तेवढं तापायला उघड्या गर्डरला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. वर माणसं झोपलेली असतात.

अण्णांनी कप खाली ठेवला. "हां... जाड अँगल वाकवायचा तर आम्ही गॅसने लालच करायचो की. थंडा वाकवायला गेलं की दमछाक." मग थोडं थांबून, "पण त्यात हा चुना काय करणार?"

चुना नाही अण्णा, जिप्सम. त्यात वजनाच्या साधारण एक पंचमांश पाणीच असतं, स्फटिकांत अडकलेलं. आग लागली की आधी त्याची वाफ होत राहते आणि तोवर बोर्डाची मागची बाजू शंभर अंशांच्या फार वर जात नाही. "म्हणजे ओलं गोणपाट," अण्णा लगेच. एवढ्या सोप्या शब्दांत मला कोणी तिकडे सांगितलं नव्हतं! (आपल्या आरसीसी बीममध्ये सळईवरचं काँक्रीटचं कव्हर हेच काम करतं, म्हणून आपल्याकडे कोणी डोकं लावत नाही.)

आता अण्णा फोटो झूम करून सांधे शोधत बसलेत, प्लास्टरखालचे. तेवढ्यात आतून आई, "अगं, त्या डब्याला झोपाळ्याची कडी बसेल का?"

मी काही बोलायच्या आत अण्णा ओरडले, "भोक पाडायचं नाही! गोणपाट फाटेल."