एकतिसाव्या दिवसाचा एक्स-रे

"डॉक्टरसाहेब, निशाणी ३४ वर, म्हणजे पुराव्यात दाखल पेशंटच्या पहिल्या ओपीडी कागदावर, इंग्रजीत एफओओएसएच असं लिहिलंय. त्याचा अर्थ कोर्टाला सांगा."

"ताणलेल्या हातावर पडणं."

"म्हणजे पेशंट पडली होती."

"तसं लिहिलंय."

"या कागदावर मोटार, टेम्पो, अपघात यांपैकी एक तरी शब्द आहे?"

अस्थिरोगतज्ज्ञांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. "नाही."

विमा कंपनीच्या वकिलांनी एवढ्यावर उलटतपास थांबवला असता तरी आमचं नुकसान पुरेसं झालं होतं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मी जखमींच्या बाजूने उभी राहते. अपघात खरा, टेम्पोचालकाची चूक उघड, टेम्पोचा विमा चालू, हाड मोडलेलं. तरी दावा डळमळतो, तो अशा कागदामुळे. म्हणून ही केस तपशिलात मांडते आहे. नावं अर्थातच देत नाही.

२०२२ चा पावसाळा. रविवारी संध्याकाळी साताऱ्याकडून पुण्याकडे येणारी मोटार, खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावरच्या वळणावर मागून टेम्पोची धडक. गाडी नवरा चालवत होता, बायको शेजारी. धडक बसणार हे आरशात दिसलं तसे तिने दोन्ही तळवे डॅशबोर्डवर रोवले. नवऱ्याच्या कपाळाला खोक पडली. ग्रामीण रुग्णालयात तीन टाके पडले, एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) नोंदली गेली, हवालदारांनी तिथेच जबाब घेतला. बायको बाकावर बसून होती. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला कुठे लागलंय का?" ती म्हणाली, "आधी ह्यांचं बघा, मला काही नाही."

ती शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, काजं-बटणं. दुसऱ्या दिवशी उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं. तिने क्रेप बँडेज गुंडाळलं, मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणल्या, गावच्या हाडवैद्याकडून दोनदा मालिश करून घेतली आणि मशीन चालवत राहिली. कात्री धरवेना तेव्हा, एकतिसाव्या दिवशी, ती अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेली. मनगटातलं स्कॅफॉईड हाड मधोमध मोडलं होतं.

हे हाड बोटाच्या पेराएवढंही नाही. अंगठा ताठ केला की त्याच्या बुडाशी खळगी पडते, तिच्या तळाशी ते असतं. तिथे दाबल्यावर दुखलं की डॉक्टरांना स्कॅफॉईडची शंका यायला हवी. साध्या दोन बाजूंच्या एक्स-रेत नवी चीर पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून मनगट वळवून स्कॅफॉईडचा खास एक्स-रे घेतात, आणि तरीही काही दिसलं नाही पण दुखणं आहे, तर हात आधारात ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा काढतात किंवा एमआरआय करतात. रक्तपुरवठा या हाडाच्या एका टोकाकडून दुसरीकडे जातो. मधे मोडलं की आतला तुकडा उपाशी राहतो. चार आठवड्यांच्या आत हात प्लास्टरमध्ये गेला तर बहुतेक वेळा जुळतं. त्याहून उशीर झाला की न जुळण्याचा धोका चांगलाच वाढतो. तिच्या बाबतीत जुळलं नाही. कमरेच्या हाडातून तुकडा काढून मधे भरला, तुकडे आवळून धरणारा हर्बर्ट स्क्रू घातला.

आता तो एफओओएसएच. ताणलेल्या हातावर पडणं हे या फ्रॅक्चरचं पाठ्यपुस्तकातलं कारण. त्या दिवशी ओपीडीत सहायक डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं होतं?" ती म्हणाली, "हात टेकला होता." त्यांनी सवयीने चार-पाच अक्षरांत इतिहास लिहून टाकला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, गर्दी होती, कागद पिशवीत गेला. महिन्याच्या अंतराबरोबर ही अक्षरं विमा कंपनीच्या हाती लागली. कंपनीची बाजू सरळ होती: अपघातानंतर तीस दिवस एकही वैद्यकीय कागद नाही, पहिल्या कागदावर घरी पडल्यासारखं लिहिलंय, पोलिसांच्या दोषारोपपत्रात भारतीय दंड संहितेची २७९ (बेदरकार वाहन चालवणं) आणि ३३७ (साधी दुखापत) कलमं आहेत, गंभीर दुखापतीचं ३३८ नाही. मग हे फ्रॅक्चर आमच्या डोक्यावर कशासाठी?

३३८ का नव्हतं, हेही समजून घ्यायला हवं. फिर्याद लिहिली त्या रात्री फ्रॅक्चर कुणालाच माहीत नव्हतं. ते कळलं त्याच दिवशी एक्स-रे घेऊन पोलीस ठाण्यात जायचं, पुरवणी जबाब द्यायचा, दवाखान्याचं इंजुरी सर्टिफिकेट तपासाच्या कागदांत जोडायला लावायचं, म्हणजे कलम वाढतं. हे दोघे माझ्याकडे आले चौथ्या महिन्यात, तोवर दोषारोपपत्र गेलेलं. १ जुलै २०२४ पासून हीच कलमं भारतीय न्याय संहितेत २८१, १२५(अ) आणि १२५(ब) झाली आहेत, पण पुरवणी जबाबाची गरज तशीच आहे.

फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर मी पुन्हा प्रश्न विचारले तेव्हा, माझ्याकडे दोन आधार होते. पहिला फिर्यादीतलं एक वाक्य. हवालदारांनी नवऱ्याच्या तोंडून उतरवून घेतलं होतं: "माझी पत्नी हिचे उजवे हातास मुका मार लागला आहे. तिने औषधोपचार घेतलेला नाही." वाक्याचा उत्तरार्ध विरुद्ध बाजूने मोठ्याने वाचला होता. पूर्वार्ध मी वाचला. उजवा हात, अपघाताच्या रात्रीच, पोलिसांच्या अक्षरात. नवऱ्याने स्वतःच्या खोकेबद्दल सांगता सांगता बायकोच्या हाताचा उल्लेख केला नसता तर ही केस मी बहुधा हरले असते.

दुसरा आधार फिल्म. डॉक्टरांनी ती खिडकीकडे धरली. चिरेच्या कडा झिजलेल्या, चीर रुंदावलेली, मात्र कडांवर जुन्या न जुळलेल्या फ्रॅक्चरसारखा पांढरा घट्ट थर नाही. "काल-परवाचं नाही, वर्षभरापूर्वीचंही नाही. काही आठवड्यांचं आहे," ते म्हणाले. डॅशबोर्डवर तळवा रोवलेला असताना मागून धक्का बसला तर मनगटावर तोच भार येतो का, असं विचारल्यावर म्हणाले, "येतो. मनगट मागे वाकून भार आला की हे हाड मोडू शकतं, मग ती जमीन असो की डॅशबोर्ड." न्यायाधिकरणात फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं झुकावं लागतं. ते झुकलं.

पण विरुद्ध वकिलांचा शेवटचा प्रश्न मला खोडता आला नाही. "हात पहिल्या आठवड्यात प्लास्टरमध्ये गेला असता तर?" डॉक्टर प्रामाणिक होते. "शस्त्रक्रिया कदाचित टळली असती."

याचं मोल निवाड्यात दिसलं. वय ३८, उत्पन्न दरमहा १०,००० धरलं. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगाराला भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के मिळवतात, म्हणजे १४,०००. बारा महिने, या वयोगटाचा गुणक (किती वर्षांचं उत्पन्न धरायचं तो आकडा) १५. झाले २५,२०,०००. कमावण्याची ताकद जितके टक्के गेली, तितके टक्के यातून मिळतात. एका टक्क्याला २५,२०० रुपये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालाप्रमाणे हाताचं अपंगत्व किती यापेक्षा त्या माणसाच्या कामावर परिणाम किती, हे पाहायचं असतं. शिंपिणीचा उजवा अंगठा म्हणून आम्ही १५ टक्के मागितले. न्यायाधिकरणाने उशिराचा वाटा वजा करून १० धरले. फरक १,२६,००० रुपयांचा. पहिल्या महिन्यातल्या गोळ्यांचा आणि मालिशीचा खर्च तर शून्य, कारण बिल एकही नव्हतं.

अपघातानंतर लगेच दुखत नाही याला शरीराचं कारण आहे. धक्क्याने अंगात ॲड्रिनलीन उसळतं आणि काही तास वेदना दाबली जाते. मागून धडक बसली की मान झटकते, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आखडते. पोटावर सीट बेल्टचा निळा पट्टा उमटला असेल तर आतड्याला किंवा प्लीहेला इजा असू शकते. प्लीहेतला रक्तस्राव काही दिवसांनीही उघडकीस येतो. वयस्कर माणूस, त्यात रक्त पातळ ठेवायची गोळी चालू, अशांच्या मेंदूवर रक्त हळूहळू साचतं. वाढती डोकेदुखी, उलटी, गुंगी, पोट कडक होणं, डाव्या खांद्यात दुखणं, हातापायांना मुंग्या, यातलं काहीही दिसलं तर कागदपत्रांचा विचार नंतर, आधी १०८ ला फोन. दाव्यासाठी दवाखान्यात जा हे मी सांगते आहे, पण जिवासाठी जाणं त्याच्या आधी येतं.

दवाखान्यात काय सांगायचं ते नेमकं असावं. "रस्ता अपघात" हे शब्द, तारीख, अंदाजे वेळ, ठिकाण, समोरच्या वाहनाचा नंबर, तुम्ही कुठे बसला होता, बेल्ट होता का. मग डोक्यापासून पायापर्यंत जिथे जिथे दुखतंय ती जागा बोटाने दाखवायची. मोठ्या जखमेच्या नादात लहान दुखणं राहून जातं आणि तेच पुढे हाड निघतं. डॉक्टर लिहीत असताना विचारायचं, "इतिहासात अपघात लिहिलात ना?" डावं-उजवं तपासायचं, कारण चुकलेली बाजू मी तीन केसेसमध्ये पाहिली आहे. नाव आधारकार्डाप्रमाणे. एमएलसीचा नंबर टिपून घ्यायचा. ग्रामीण रुग्णालयात रविवारी एक्स-रे बंद असला तर ओपीडीच्या कागदावर "एक्स-रेचा सल्ला" एवढं तरी लिहून घ्यायचं आणि तो दुसऱ्या दिवशी काढायचाच. बायको, मुलं, म्हातारी सासू, गाडीत होते ते सगळे, प्रत्येकाचा वेगळा केसपेपर.

आधी पोलिसांत जा, मग तपासतो, असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ डॉक्टरांवर औपचारिकतेची वाट न पाहता ताबडतोब उपचार करण्याचं कर्तव्य टाकतं, आणि परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच १९८९ मध्ये बजावलं आहे. एमएलसीला आधी एफआयआर लागत नाही. दवाखानाच पोलिसांना कळवतो.

पहिला दिवस हुकला असेल तर तिसऱ्या दिवशी जा, आठव्या दिवशी जा. अपघाताची खरी तारीख आणि तपासणीची खरी तारीख, दोन्ही लिहू द्या. उशीर का झाला तेही लिहून घ्या: गाव लांब, घरात जखमी, दुखणं उशिरा सुरू झालं. खऱ्या कारणासह आलेला उशीर समजावून सांगता येतो. मागच्या तारखेचा कागद मात्र कधीही करू नका. ओळखीचे लोक तसा सल्ला देतात. विमा कंपनीचा तपासनीस दवाखान्याचं रजिस्टर मागवतो, अनुक्रमांक पुढचा आणि तारीख मागची दिसते, आणि खरी इजाही खोटी ठरते.

लवकर जाण्याचे आणखी हिशेब आहेत. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या कॅशलेस योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते अपघाताच्या तारखेपासून सातच दिवस. एकतिसाव्या दिवशी गेलेल्याला तिचा उपयोग नाही. मेडिक्लेममध्ये तातडीने दाखल झाल्यावर साधारण चोवीस तासांत कळवायचं असतं, आणि अपघात म्हटलं की एमएलसीची प्रत मागतात. मोटारमालक-चालकाच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्यात मृत्यू किंवा ठरावीक अपंगत्व अपघातापासून सहा महिन्यांत व त्याच इजेमुळे आलेलं असावं लागतं. ही साखळी पहिल्या तपासणीपासूनच बांधावी लागते. खासगी मोटारीतल्या प्रवाशाला स्वतःच्याच गाडीच्या विम्यातून भरपाई हवी तर पॅकेज पॉलिसी (थर्ड पार्टीबरोबर स्वतःच्या गाडीचंही संरक्षण देणारी) लागते, फक्त थर्ड पार्टी पुरत नाही. आमच्या केसमध्ये चूक टेम्पोची होती म्हणून हा प्रश्न आला नाही. आणि १ एप्रिल २०२२ पासून दाव्याच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे. आम्ही पाचव्या महिन्यात अर्ज दाखल केला.

रस्त्यावर "पाच हजार घ्या, मिटवा" म्हणणारा असतोच. गाडीच्या पत्र्याचं मिटवायचं तर मिटवा. "शरीराला इजा नाही, तक्रार नाही" अशा कागदावर त्या रात्री सही करू नका. स्कॅफॉईडची चीर त्या रात्री कुणालाच दिसत नाही.

अपिलाला निवाड्यापासून नव्वद दिवस असतात. १,२६,००० साठी उच्च न्यायालयात जायचं का, यावर आम्ही तिघं एक दुपार बसलो. त्या डॉक्टरांचं उत्तर नोंदीवर आहे आणि ते खरं आहे, म्हणून नाही म्हटलं. आता एकच अर्ज बाकी आहे: निशाणी झालेल्या मूळ एक्स-रे फिल्म परत मिळाव्यात. स्क्रूच्या बाजूला अजून दुखतं, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना जुनी फिल्म शेजारी ठेवून बघायची आहे.