सादील, बाकं आणि कपाटाचं कुलूप

आज मधल्या सुट्टीत खिचडीचं ताट मांडीवर घेऊन मोबाईलवर विधानसभा लावली. शिक्षण खात्याच्या मागण्यांवर चर्चा. अनुदानाचे टप्पे, पटसंख्या, रिक्त पदं. मग कुणीतरी म्हणालं, वाचणाऱ्या मुलांना बक्षिसं द्या. बाकं वाजली. (निम्मी रिकामीच होती, ती कशी वाजणार म्हणा.)

राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्चा, हे कोठारी आयोगाने १९६६ सालीच सांगून ठेवलंय. इथे आमचं सादील, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचं अनुदान, अजून आलेलं नाही, लाईटबिल आम्ही तिघांनी वर्गणी काढून भरलं.

२०१५पासून कलामांच्या जयंतीला, १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी पुस्तकं बाहेर, फोटो, अहवाल वर. एरवी कपाटाला कुलूप. पुस्तक फाटलं तर हिशेब कोण देणार?

आज वैतागून कुलूप काढलं. तिसरीतली एक पोरगी खालच्या कप्प्यातलं वाळवी लागलेलं पुस्तक घेऊन व्हरांड्यात बसली. वाळवीने खाल्लेले शब्द मनानेच भरत वाचत होती. शाळा सुटली तरी उठेना.

"बक्षीस काय देऊ गं तुला?"

"सर, हे घरी नेऊ?"

देवघेवीची वही सापडेना. शेवटी हजेरीच्या मागच्या पानावर नाव लिहून दिलं.