कुलवृत्तांतातला गाळलेला रकाना

घरात कुलवृत्तांत असेल तर तो एकदा या नजरेने चाळून पाहा. मूळ गाव कोणतं, कोण कोणत्या साली पुण्याला किंवा बडोद्याला गेलं, कुणाला किती मुलगे झाले, वाडा कुणी बांधला, सगळं सापडेल. माणूस गेला कशाने आणि कितव्या वर्षी, हे मात्र क्वचितच लिहिलेलं असतं. मुलीच्या नावापुढे ती कुणाच्या घरी दिली एवढी ओळ येते आणि तिची फांदी तिथेच तुटते. लाळेची नळी मागवून डीएनए तपासून घ्यायला निघालेल्या घरांनी आधी हे दोन रकाने भरावेत. ते कोरे असतील तर हजारो रुपयांचा अहवालही नीट वाचता येत नाही.

एक मोठा कागद आडवा घ्या. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ काढा. आजार झाला असेल तर आकृती आतून काळी करा, माणूस गेला असेल तर तिरकी रेघ मारा, आणि लग्न रक्ताच्या नात्यात झालं असेल तर जोडप्यामध्ये दोन समांतर रेघा काढा. किमान तीन पिढ्या घ्या. गर्भपात, मृत जन्मलेली मुलं, तान्हेपणी गेलेली मुलं, सगळी त्यात आली पाहिजेत. घरच्या बायकांना ती आठवत असतात, कुणी विचारत नाही एवढंच. नावं आणि नाती जुळवायला त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या उपाध्यांकडची नामावळी आणि तलाठ्याकडच्या वारसनोंदीचे फेरफार उपयोगी पडतात. आजारासाठी मात्र दवाखान्याचेच कागद लागतात: डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट.

कागद नसतील तर घरातली भाषा उलगडावी लागते. ‘पोटात गाठ होती’ म्हणजे जठर, आतडं, यकृत, अंडाशय यांपैकी काहीही असू शकतं. यकृताचा म्हणून लक्षात राहिलेला कर्करोग पुष्कळदा दुसरीकडून पसरत तिथे पोचलेला असतो. ‘पिशवी काढली’ असं कळलं तर दोन प्रश्न विचारा: कशासाठी काढली, आणि अंडाशयंही काढली का? ‘हार्टफेल’ हे तर अचानक गेलेल्या प्रत्येकाचं कारण असतं. तो माणूस पन्नाशीच्या आत गेला असेल तर वय लिहा, आणि टाचेच्या मागच्या शिरेवर किंवा कोपरावर पिवळट गाठी होत्या का तेही विचारा. एलडीएल कोलेस्टेरॉल १९० च्या वर आणि घरात असे मृत्यू, ही आनुवंशिक कोलेस्टेरॉलची खूण असू शकते. हृदयाचे स्नायू जाड किंवा ढिले होण्याच्या आजारांत एमवायबीपीसी-३ नावाच्या जनुकातला २५ अक्षरं गळालेला बदल भारतीयांत सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेतले शास्त्रज्ञ ज्यात होते त्या गटाने तो २००९ मध्ये मांडला. तो असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही, म्हणून तपासणीच्या निकालाशेजारी घरातल्या मृत्यूंची वयं लागतात.

नात्यांच्या शब्दांबाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे. आत्या, मावशी, मामा, काका, चुलतभाऊ, मावसभाऊ म्हटलं की बाजू आपोआप कळते, आणि आनुवंशिकतेत बाजूच महत्त्वाची. हिमोफिलिया किंवा ड्यूशेन स्नायुविकार मुलात दिसला तर मामाकडे आणि मावसभावांकडे पाहायचं, कारण तो दोष आईच्या एक्स गुणसूत्रावरून येतो. उलट सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज असा, की स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग फक्त आईच्या बाजूने येतो. या कर्करोगांशी जोडलेल्या बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांमधले घातक बदल बाप आणि आई दोघांकडूनही सारख्याच शक्यतेने, प्रत्येक अपत्याला ५० टक्के, जातात. आत्याला चाळिशीत अंडाशयाचा कर्करोग झाला, वडिलांना काहीच झालं नाही, आणि पुढे मुलीला झाला: यात काही विचित्र नाही. वडिलांनी तो बदल फक्त पुढे पोचवला. कुलवृत्तांतात आत्याची फांदी तोडलेली असते, म्हणून हा धागा दिसत नाही.

पूर्वजांच्या शोधासाठी मिळणाऱ्या तपासण्या हीच चूक नव्या रूपात करतात. वाय गुणसूत्राची तपासणी बाप-आजोबा-पणजोबा एवढीच सरळ रेघ सांगते. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमचे १,०२४ पूर्वज होतात आणि वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाच पुरुषाचं असतं. पेशीतल्या मायटोकाँड्रिया या भागाचा वेगळा डीएनए तसाच एकाच बाईचा, आईच्या आईच्या आईकडून आलेला. आर-१-ए किंवा एच असा वंशरेषेचा गट अहवालात आला म्हणून त्यावरून गोत्र, जात किंवा घराण्याचं मूळ ठरत नाही. हे गट हजारो वर्षं जुने आहेत आणि एकाच जातीत अनेक गट सापडतात. उरलेल्या गुणसूत्रांवरून टक्केवारी निघते, पण ती कंपनीकडे तुलनेला कुणाचे नमुने आहेत त्यावर ठरते. नमुने वाढले की तुमची टक्केवारी बदलते, पूर्वज बदलत नाहीत.

ठोस उत्तर मिळतं ते समूहाच्या अभ्यासातून. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचं उदाहरण घ्या. मराठी बोलणारा, तेल गाळण्याच्या धंद्यावरून आणि शनिवारच्या सुट्टीवरून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला गेलेला हा समाज. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या डीएनएत मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि स्थानिक भारतीयांचा, दोन्हींचा मोठा वाटा दिसला. ही सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची, आणि तीत यहुदी वाटा पुरुषांकडून तर स्थानिक वाटा स्त्रियांकडून अधिक आला. त्यानंतर समाज लहान राहिला आणि लग्नं आपसांत झाली, त्यामुळे दोन्ही पालकांकडून एकच दोष आल्यावर होणारे आजार वाढू शकतात, हेही त्याच अभ्यासाने नोंदवलं. पूर्वज आणि आरोग्य हे दोन विषय इथे एकच होतात.

हे फक्त त्यांचंच नाही. भारतात जवळजवळ सगळे समूह १,९०० ते ४,२०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मिसळले आणि मग पोटजातींच्या कुंपणात लग्नं होऊ लागली. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या अशा गटात एखादा दुर्मीळ दोष सर्रास होतो. आर्य वैश्य समाजात एका एन्झाइमची कमतरता आढळते आणि भूल देताना सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध दिलं की रुग्णाचा श्वास मिनिटांऐवजी तासन्‌तास परत येत नाही. घरात कुणी ऑपरेशननंतर उशिरा शुद्धीवर आलं असेल, ‘व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं’ असं ऐकलं असेल, तर पुढच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला ते सांगायलाच हवं.

याच कुंपणामुळे डीएनए जुळवून ऑनलाइन सापडणाऱ्या ‘नातेवाइकां’चा आकडाही फसवतो. सख्ख्या चुलत-मामे-मावस भावंडांत सरासरी ८७० सेंटिमॉर्गन (डीएनएच्या तुकड्यांची लांबी मोजायचं एकक) डीएनए समान असतो, त्यांच्या मुलांमध्ये २३० च्या आसपास. पण पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्नं झालेल्या समाजात अनेक बारीक तुकडे जुळतात आणि बेरीज फुगते. बेरजेपेक्षा सर्वांत लांब तुकडा पाहा. ७ सेंटिमॉर्गनच्या आतले तुकडे सोडून द्या. सख्ख्या मामेबहिणीशी लग्न झालं असेल तर मुलाच्या डीएनएचा सरासरी सोळावा भाग आईकडच्या आणि बापाकडच्या दोन्ही प्रतींत एकसारखा असतो. अशा जोडप्यांनी गर्भधारणेआधीच जनुक सल्लागाराला भेटावं.

आता आरोग्याकडे. घरपोच येणाऱ्या बहुतेक लाळेच्या तपासण्या चिपवर होतात. माणसाच्या डीएनएत ३०० कोटींहून अधिक अक्षरं आहेत. चिप त्यांतली साधारण सहा-सात लाख ठरावीक ठिकाणं पाहते. अमेरिकेत २०१८ मध्ये एका घरगुती किटला बीआरसीएच्या अहवालाची परवानगी मिळाली ती फक्त तीन बदलांसाठी, आणि ते तिन्ही पूर्व युरोपीय यहुद्यांमध्ये आढळणारे. बीआरसीएतले घातक बदल हजारोंनी माहीत आहेत. त्यामुळे त्या अहवालात ‘आढळला नाही’ आलं तर सोलापूरच्या बाईसाठी त्याचा अर्थ जवळजवळ काहीच नाही. दुर्मीळ बदलांच्या बाबतीत उलटी चूकही होते. अशा तपासणीतून मिळालेली डीएनएची कच्ची फाइल दुसऱ्या संकेतस्थळावर चढवून मिळालेले निष्कर्ष प्रयोगशाळेत पडताळले तेव्हा २०१८ च्या एका अभ्यासात ४० टक्के बदल मुळात नव्हतेच. अशा कागदावरून कुणीही शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये, आणि कुणी निर्धास्तही होऊ नये. मधुमेह, हृदयविकाराच्या धोक्याचे, अनेक बदल मिळून काढलेले एकत्रित गुणांक दाखवणारे तक्ते तर मुख्यतः युरोपीय लोकांच्या माहितीवर बांधलेले असतात. आपल्यावर ते कमी अचूक चालतात.

खरी तपासणी म्हणजे जनुकाचं पूर्ण वाचन. त्यासाठी जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत थोडं रक्त घेतात. यात सर्वांत महत्त्वाचा नियम, आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा: आधी आजारी व्यक्तीची तपासणी करा. निरोगी मुलीची केली आणि काही सापडलं नाही, तर घरात दोष आहे पण तिला आला नाही, की दोष या तपासणीला दिसतच नाही, हे कळत नाही. आजारी आत्या हयात असेल तर आधी तिचं रक्त. तिच्यात बदल सापडला की बाकीच्यांना फक्त तेवढी एकच जागा तपासावी लागते. ती तपासणी स्वस्त पडते आणि तिचं ‘नाही’ पक्कं असतं. मोठे तुकडे गळणं किंवा दुप्पट होणं साध्या वाचनात सुटू शकतं, म्हणून ते शोधणारी एमएलपीए किंवा तत्सम पद्धत अंतर्भूत आहे का, हे आधीच विचारा. अहवालात व्हीयूएस, म्हणजे ‘अर्थ अनिश्चित’, असा शेरा आला तर तो निर्णयासाठी नाही असं समजून बाजूला ठेवा. भारतीयांची नोंद जागतिक संग्रहांत कमी असल्याने आपल्याला हा शेरा जास्त येतो. जीनोम इंडिया प्रकल्पाने २०२५ च्या जानेवारीत सुमारे दहा हजार भारतीयांची माहिती संशोधकांना खुली केली, त्यातून हळूहळू फरक पडेल. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग-संशोधन केंद्रात टाटा स्मारकाचा कर्करोग-जनुक विभाग आहे. कुटुंबात कर्करोग असेल तर खासगी पॅकेजआधी तिथला सल्ला घ्यावा.

सगळ्याच गोष्टींना डीएनए लागत नाही. थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी सुरुवात साध्या रक्तगणनेने आणि हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीने होते. एचबी-ए-२ या प्रकाराचं प्रमाण साडेतीन ते चार टक्क्यांच्या वर गेलं तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक (स्वतः आजारी नसलेला, पण दोष पुढे देऊ शकणारा) असण्याची शक्यता. इथे दोन गोष्टी घोटाळा करतात: लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खाली येतो, आणि गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं असेल तर दात्याचं रक्त मोजलं जातं. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गर्भाला २५ टक्के धोका, आणि तेव्हा दोघांचे नेमके बदल डीएनएवरून शोधावे लागतात, शक्यतो गर्भ राहण्याआधी. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत ६१९ अक्षरं गळालेला बदल आवर्जून पाहतात. परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय रक्तविकार संस्था हे काम करते. गर्भाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन होते. त्यात आईच्या पेशी मिसळल्या तर निकाल चुकतो, म्हणून आईचं रक्तही सोबत द्यावं लागतं. प्रयोगशाळा पीसीपीएनडीटी या गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली नोंदणीकृत असली पाहिजे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या कुटुंबांसाठी २०२३ पासूनच्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी होते. लग्न ठरण्याआधी त्या तपासणीचं कार्ड पाहावं.

लाळच द्यायची असेल तर अर्धा तास आधी काही खाऊ-पिऊ नका, पान-तंबाखू नको. रेषेपर्यंत २ मिलिलिटर लाळ, फेस सोडून. झाकण लावल्यावर त्यातला नमुना टिकवणारा द्रव खाली उतरला का ते पाहा आणि नळी नीट हलवा. न मिसळलेला नमुना वाटेत खराब होतो. तोंड कोरडं पडणाऱ्या वृद्धांचं रक्तच द्यावं. ज्यांना दुसऱ्याची अस्थिमज्जा मिळाली आहे त्यांनी रक्त आणि लाळ दोन्ही देऊ नयेत, त्यात दात्याचा डीएनए येतो. त्वचेच्या नमुन्याबद्दल प्रयोगशाळेला विचारावं. मोठेपणी होणाऱ्या आजारांसाठी लहान मुलांची तपासणी करू नका. तो निर्णय त्यांनी सज्ञान झाल्यावर घ्यावा.

सही करण्याआधी संमतीपत्रात तीन गोष्टी शोधा: नमुना किती वर्षं ठेवणार, संशोधनाला देणार का, कंपनी विकली तर माहितीचं काय. ट्वेंटी-थ्री-अँड-मी या अमेरिकी कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि २०२५ च्या मार्चमध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. विम्याबाबत, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आनुवंशिक आजार म्हणून सरसकट दावा नाकारण्याच्या अटीला भेदभाव ठरवलं. अमेरिकेतल्या नातेवाइकांना मात्र सांगा, की तिथला २००८ चा कायदा आरोग्यविमा आणि नोकरीपुरता आहे, आयुर्विम्याला तो लागू नाही. आणि चुलते, भाऊ, वडील सगळेच तपासणार असतील तर जन्मदात्याबद्दल अनपेक्षित उत्तर येऊ शकतं. ते कुणाला, कसं सांगायचं हे नळी उघडण्याआधी ठरलेलं असावं.

बदल सापडला तर जनुकाचं नाव, बदलाचं पूर्ण नाव, प्रयोगशाळा आणि तारीख कुलवृत्तांताच्या पानाला जोडून ठेवा, संबंधितांची संमती घेऊन. व्हीयूएस असेल तर दोन वर्षांनी पुन्हा चौकशी करण्याची तारीख त्यावरच लिहा. एक प्रत आत्यांच्या मुलींना द्या. त्यांचे पत्ते कुलवृत्तांतात नसतील. लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात शोधा.