गढूळ पट्टे मोजले आणि ५७६ चं कोडं सुटलं : तालमीच्या मॅचचं अपडेट

भावांनो, सुटलं! पूर्ण नाही, रंगाचं अजून राहिलंय, ते खाली लिहितो, पण काल रात्री कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरची ती जुनी फुटबॉल मॅच तालमीच्या टीव्हीवर सेकंदाला ५० फ्रेमनं चालली आणि चेंडू चेंडूसारखा पळाला. फाटलेल्या रेषा नाहीत, हिसके नाहीत. पेठेतली जुनी मंडळी बसली होती, त्यातल्या एकाला पेनल्टी बॉक्समधला स्वतःचा पास दिसला, म्हटला परत लाव. परत लावला. मग अजून एकदा.

ज्यांना मागचं माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ शूटिंग मिनीडीव्हीवरचं, म्हणजे पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) डीव्ही, ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड, सेकंदाला २५ फ्रेम पण प्रत्येक फ्रेममधे दोन फील्ड, एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं, म्हणजे खरी हालचाल ५० वेळा टिपलेली. टेपचा पत्ता नाही. हातात आहे ती फक्त एका दुकानदाराने तेव्हा कधीतरी करून दिलेली एमपी४ फाइल, १९२० बाय १०८०, दोन्ही बाजूला काळे पट्टे, फाइलची माहिती दाखवणारं मीडियाइन्फो म्हणतं प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एका फ्रेममधे एकाच क्षणाचं अख्खं चित्र. पण कॅमेरा जरा फिरला की सगळ्या चित्रावर फणीच्या दातांसारख्या आडव्या रेषा. फोनवर एवढं जाणवत नाही, स्क्रीन लहान. तालमीच्या ४३ इंची टीव्हीवर आणि प्रोजेक्टरवर मात्र बघवत नाही, माणूस धावला की त्याचे दोन तुकडे.

म्हणजे काय झालंय तर त्या दुकानात डीइंटरलेस न करताच, म्हणजे फील्ड सुटी न करताच, चित्र ताणून १०८० केलंय. दोन फील्ड एकमेकांत गुंतलेली असतानाच उभं ताणलं, त्यामुळं एका ओळीच्या जागी पावणेदोन-दोन ओळी झाल्या आणि मधल्या ओळींत दोन्ही फील्डची भेसळ. अशा फाइलवर डीइंटरलेसचे फिल्टर, याडिफ लावा नाहीतर बीडब्ल्यूडीआयएफ लावा, काही फरक पडत नाही, कारण ते फिल्टर एकाआड एक ओळ उचलतात आणि इथं एकाआड एक ओळीत वेगळं फील्ड राहिलेलंच नाही. हँडब्रेक या कन्व्हर्टरचा डीकोंब फिल्टर तर कोंबिंग, म्हणजे ते फणीचे दात, आहे हे ओळखतच नव्हता. मागच्या वेळी दोघातिघांनी सांगितलेलं की सरळ दोन्ही फील्ड ब्लेंड करून, म्हणजे एकत्र मिसळून टाक, रेषा पुसट होतील. होतात की, पण चेंडूला शेपूट येतं आणि फुटबॉलमधे चेंडूच दिसला नाही तर मग काय बघायचं? माझं मत पक्कं आहे, खेळाचं शूटिंग असेल तर ५० च्या ५० क्षण वाचवायचेच, २५ वर आणायचं नाही. लग्नाच्या कॅसेटला चालतं, मॅचला नाही.

तर उपाय एकच, ताणलेलं चित्र उलटं करून जितक्या ओळी मूळ होत्या तितक्यावर आणायचं. नुसतं छोटं करून नाही, ज्या गणितानं ताणलं तेच गणित उलटं सोडवायचं. व्हॅपरसिंथ या व्हिडिओच्या स्क्रिप्टिंग सॉफ्टवेअरमधे डीस्केल नावाचं प्लगिन आहे ते हेच करतं, बायलिनियर, बायक्युबिक, लँक्झोस, ताणायची जी पद्धत वापरली असेल ती सांगायची आणि मूळ उंची सांगायची. आधी कडेचे काळे पट्टे कापून १४४० बाय १०८० केलं, मग डीस्केल, उंची ५७६. पालच्या ओळी ५७६ च, त्यात शंका कसली, असं मला वाटत होतं.

आणि इथंच आठवडेच्या आठवडे गेले. ५७६ वर आणलं की चित्राच्या काही भागात दात एकदम स्वच्छ, एक ओळ या फील्डची एक त्या फील्डची, जसं पाहिजे तसं. पण त्याच्या खाली जरा गेलं की गढूळ, दात नाहीतच, दोन्ही फील्ड एकमेकात मिसळलेली. मग परत स्वच्छ. परत गढूळ. बायलिनियर बदलून बायक्युबिक केलं, त्याचे ते बी आणि सी आकडे फिरवले, लँक्झोस लावून बघितलं, गढूळपणाचा रंगढंग बदलायचा पण पट्टे जागचे हलायचे नाहीत. वाटायचं की कॉम्प्रेशनमधेच माहिती उडाली, विषय संपला.

मग एके रात्री एक फ्रेम मोठी करून बघत बसलो, गोलकीपरनं लांब किक मारली आणि कॅमेरावाल्यानं झपकन डावीकडून उजवीकडं फिरवलाय, म्हणजे वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीत हालचाल आहे. प्रेक्षकांची गर्दी, मागची भिंत, खाली मैदान, सगळं हलतंय. त्या फ्रेममधे गढूळ पट्टे अगदी सारख्या अंतरावर होते. सारख्या अंतरावर! कॉम्प्रेशननं बिघडलं असतं तर कुठंही, कसंही बिघडलं असतं. सारखं अंतर म्हणजे दोन जवळजवळच्या आकड्यांची टक्कर चाललीय, मूळ ओळी एक संख्या आणि मी मागतोय ती वेगळी. मग कागदावर मांडलं. मूळच्या एकाआड एक ओळी, त्या जरा वेगळ्या संख्येनं वाचायला गेलो की हळूहळू पाऊल चुकत जातं, अर्ध्या ओळीनं चुकलं की दोन्ही फील्ड सारखी मिसळून गढूळ, अजून पुढं गेलं की परत जुळतं पण फील्डांची अदलाबदल होऊन. म्हणजे जेवढ्या ओळींचा फरक तेवढेच गढूळ पट्टे.

पट्टे मोजले. ८.

५७६ वजा ८, ५६८. उंची ५६८ टाकली, एंटर मारलं आणि वरपासून खालपर्यंत एक पण गढूळ पट्टा नाही, सगळीकडं एकसारखे बारीक स्वच्छ दात. नाद खुळा! कोंबिंग बघून एवढा आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

८ ओळी गेल्या कुठं, तर दुकानदारानं कडा साफ दिसाव्यात म्हणून वर-खाली थोडं कापून मग ताणलंय. ५८४ असू शकत नाही कारण पालमधे तेवढ्या ओळीच नसतात, म्हणून वजाच करायचे. बायलिनियरनं सगळ्यात कमी खोट्या कडा उमटल्या, तेव्हा तिथं बायलिनियरच वापरलं असणार असं धरून पुढं गेलो.

पुढचा प्रश्न फील्डचा क्रम. डीव्ही म्हटलं की खालचं फील्ड आधी, हे आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. पण इथं वरून किती ओळी कापल्या त्यावर सगळं ठरतं, सम कापल्या असतील तर क्रम तोच, विषम कापल्या असतील तर उलटा. अंदाज लावण्यात अर्थ नाही, फील्ड सुटी करून चेंडू हवेत असताना एकेक पुढं ढकलत बघायचं. खालचं आधी धरलं तर चेंडू पुढं-मागं-पुढं असा उड्या मारत होता. वरचं आधी केलं की सुरळीत, प्रत्येक फील्डला थोडा थोडा पुढं. म्हणजे वरून विषम ओळी कापल्यात. हे प्रत्येक फाइलला तपासायचंच, मेटाडेटावर विश्वास ठेवायचा नाही, तिथं तर प्रोग्रेसिव्ह लिहिलंय!

मग डीइंटरलेस करायला क्यूटीजीएमसी. हळू चालतं, माझ्या मशिनवर रात्रभर, पण बारीक रेषांचं, गोलपोस्टच्या जाळीचं लुकलुकणं जे बीडब्ल्यूडीआयएफमधे राहतं ते यात जातं. घाईचं काम असेल तर बीडब्ल्यूडीआयएफ उत्तम आहे, त्याला नावं ठेवणार नाही, त्यात पण फील्डमागे एक फ्रेम घ्यायची, फ्रेममागे एक नाही, नाहीतर परत २५ च हातात येतात.

आता वेगवेगळ्या मशिनवर चालवायचं. तालमीचा टीव्ही जुना आहे, १०८० ला ५० फ्रेम दिली की 'फाइल सपोर्ट नाही' म्हणतो, कारण तेवढ्याला एच२६४ या व्हिडिओ फॉरमॅटची लेव्हल (प्लेअरवर किती भार येतो त्याची पायरी) ४.२ लागते आणि हा ४.१ च्या वर जात नाही. १२८० बाय ७२० ला ५० फ्रेम लेव्हल ३.२ मधे आरामात बसतात आणि एसडी शूटिंगला ७२० भरपूर झालं. म्हणून टीव्ही आणि प्रोजेक्टरसाठी एकच फाइल, ७२० उंची, चित्र ९६० रुंद आणि बाजूला काळे पट्टे फाइलमधेच घातले, कारण हा टीव्ही ४:३ दिसलं की ताणून सगळे खेळाडू जाडे करतो. हाय प्रोफाइल, ८ बिट, ४:२:०, सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी तेवढा चांगला) १८, आवाज एएसी स्टीरिओ. १० बिटच्या मोहात पडू नका, एच२६४ मधलं १० बिट बहुतेक टीव्हींना झेपत नाही. रंगाचं मॅट्रिक्स, म्हणजे रंगाचे आकडे कसे वाचायचे तो नियम, फाइलमधे ७०९ म्हणून नीट लिहून टाका, एसडीला ६०१ आणि एचडीला ७०९ असं टीव्ही स्वतःच ठरवतात आणि घोळ झाला की मैदानाचा हिरवा आणि जर्सीचा लाल दोन्ही सरकतात.

फोन आणि टॅबसाठी ७६८ बाय ५७६, चौकोनी पिक्सेल, ५० फ्रेम, लेव्हल ३.१. ७२० बाय ५७६ ठेवून पिक्सेलचं प्रमाण मेटाडेटात लिहायची पद्धत बरोबर आहे पण काही प्लेअर ते वाचतच नाहीत आणि माणसं बारीक दिसतात, तेव्हा चौकोनीच बरं. फास्टस्टार्ट लावा म्हणजे इंडेक्स फाइलच्या सुरवातीला येतो आणि डाउनलोड पूर्ण व्हायच्या आधी चालू होते. ग्रुपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि एवढ्या मेहनतीचं पाणी होतं. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल जाणार नाही, हाफटाइमला तोडून दोन केल्या.

राहिला रंग. उजेडाची माहिती, म्हणजे ल्युमा, ५० च्या ५० सुटी झाली. पण फाइल ४:२:० आहे, म्हणजे १०८० च्या फ्रेमला रंगाच्या फक्त ५४० ओळी. मूळ ५६८ ओळींचा एकाआड एक खेळ ५४० ओळींत मावतच नाही, त्यामुळं रंगात दोन्ही फील्ड कायमची मिसळलीत. दिसतं काय, तर लाल जर्सीवाला विंगर जोरात पळाला की त्याच्या मागं लालसर सावली. लांबून प्रोजेक्टरवर कुणाला कळलं नाही, मला कळतं. एमव्हीटूल्स या प्लगिननं ल्युमाची हालचाल मोजून रंग त्या मापानं सरकवता येईल का ते बघणार होतो.

बघणार होतो म्हणतोय कारण हे लिहिता लिहिताच दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे डोक्यात आलं की पट्टे डोळ्यानं मोजायचे कशाला, ५४० ते ५७६ सगळ्या उंचीवर डीस्केल करायचं, प्रत्येक वेळी शेजारच्या ओळींतला फरक मोजायचा आणि जिथं फरक सगळ्यात जास्त ती खरी उंची. त्याच दुकानातून करून आणलेल्या अजून बऱ्याच फाइली पेठेत लोकांकडं आहेत, कुस्तीच्या पण आहेत खासबागेतल्या, प्रत्येकात कापलेल्या ओळी वेगळ्या असणार. स्क्रिप्ट अर्धी झालीय, चालली की देतो सगळ्यांना.

दुसरी मोठी. कॅमेरावाल्या दादांचा फोन आला, टेप सापडली! इचलकरंजीला त्यांच्या मेहुण्याच्या कपाटात, खोक्यासकट. मग रंगाची खटपट थांबवली, टेप मिळाली तर डीव्हीचा मूळ डेटा जसाच्या तसा फायरवायर केबलनं घेता येतो, तासाला साधारण १३ जीबी, ना डीस्केल ना काही. फायरवायरचं कार्ड माझ्याकडं आहे, टीआय (टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स) चिपचं. घेणाऱ्यांनो चिप बघूनच घ्या, स्वस्तातल्या एका कार्डनं आधी फार फ्रेम गाळल्या होत्या. लिनक्सवर डीव्हीग्रॅब सॉफ्टवेअर, आणि दोन-तीनदा उतरवून घेऊन डीव्हीरेस्क्यूनं चांगल्या फ्रेम निवडून एक फाइल करायची. त्यातलं फील्ड मात्र परत खालचंच आधी असणार, आजची सेटिंग तशीच उचलून लावायची नाही.

अडचण अशी की खोक्यावर दादांच्या अक्षरात 'एलपी' (लाँग प्ले) लिहिलंय. पूर्ण मॅच एका टेपवर बसावी म्हणून ६० मिनिटांची टेप ९० मिनिटं चालवलीय. एलपीचे ट्रॅक अरुंद असतात, ज्या कॅमेऱ्यात रेकॉर्ड केलं त्यातच बहुतेक वेळा धड वाचले जातात, दुसऱ्यात चौकडे पडतात आणि आवाज तुटतो. दादांचा कॅमेरा २०१९ च्या पुरात गेला. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडं कुणाकडं एलपी वाचणारा चालू मिनीडीव्ही कॅमेरा किंवा डेक असेल, हेड साफ असलेला, तर कळवा. मी मशिन आणि केबल घेऊन तिकडं येतो, तुमचा कॅमेरा तुमच्या घराबाहेर जाणार नाही, आणि तुमच्याकडच्या टेपा पण त्याच बैठकीत उतरवून देतो.