बाळंतपणानंतर पुन्हा 800 मीटर : माझा अनुभव

लग्नाआधी मी विद्यापीठाच्या संघातून 800 आणि 1500 मीटर पळायचे. बाळ झालं आणि माझं पळणं संपलं, असं सगळ्यांनीच गृहीत धरलं. ओळखीच्या एका प्रशिक्षकांनी तर तोंडावर सांगितलं, "आता पीटी टीचरची नोकरी बघ, संसार सांभाळ." मी पुन्हा मैदानावर आहे. ते कसं जमलं ते इथं लिहितेय, कारण पळणाऱ्या मुलींशी या विषयावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही.

मनात सतत एक नाव होतं, केनियाच्या फेथ किपयेगॉनचं. 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये 1500 मीटरचं सुवर्ण, 2017 मध्ये लंडनला विश्वविजेतेपद आणि जून 2018 मध्ये मुलगी. तो अख्खा हंगाम ती शर्यतीत नव्हती. 2019 च्या जूनअखेर परतली ती अमेरिकेतली प्रीफॉन्टेन क्लासिक ही मोठी स्पर्धा जिंकूनच. त्याच वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळालं, पण वेळ होती 3:54.22, म्हणजे 3 मिनिटं 54.22 सेकंद. आई होण्याआधी इतकी वेगात ती कधीच पळाली नव्हती! पुढे टोकियो आणि पॅरिसमध्ये सुवर्ण. 2023 मध्ये फ्लोरेन्सला 3:49.11, म्हणजे 3:50 च्या आत 1500 मीटर पळणारी जगातली पहिली बाई. 2025 मध्ये युजीनला 3:48.68. तिचे सगळे विश्वविक्रम आई झाल्यानंतरचे आहेत. आपल्याकडेही शायनी विल्सन आहेतच. 1995 च्या मद्रासच्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धेत 800 मीटर 1:59.85 मध्ये पळाल्या, तेव्हा त्याही आई होत्या.

माझं बाळ होळीच्या सुमारास झालं, नॉर्मल. सवा महिना साखर पेठेत माहेरी होते. एप्रिलचं सोलापूर, बाहेर पारा चाळिशीच्या वर आणि खोलीत शेक-शेगडी! डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी. खाण्यात आईने काही कमी पडू दिलं नाही, आणि पुढे त्याचा फार उपयोग झाला.

आता जे कुणी बोलत नाही ते. शिंक आली, खोकला आला की लघवीचे थेंब यायचे. आई म्हणाली, "अगं, बाईच्या जातीला हे असायचंच." नसतं ओ! त्यावर इलाज आहे. डॉक्टरांनी दीड महिन्याच्या तपासणीनंतर फिजिओ मॅडमकडे पाठवलं. त्यांनी आडवं झोपवून डोकं किंचित उचलायला लावलं आणि बेंबीच्या वर-खाली बोटं दाबून पोटाच्या स्नायूंमधली फट पाहिली. मग ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले. लघवी आणि वारा एकदमच रोखून धरतोय असं आत ओढायचं, धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. सैल सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं, हे त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. बाळाला पाजताना, भाकरी थापताना, कुठेही करता येतं.

ब्रिटनमधल्या फिजिओंनी 2019 मध्ये बाळंतपणानंतर पळण्याबद्दल एक मार्गदर्शिका काढलीय. पहिले 3 महिने पळायचं नाही, हे तिच्यात स्पष्ट आहे. त्यानंतरही आधी परीक्षा. 30 मिनिटं चालणं, 10 सेकंद एका पायावर उभं राहणं, प्रत्येक पायावर 10 बैठका, एक मिनिट जागच्या जागी पळणं, प्रत्येक पायावर 10 उड्या. दुखणं, खाली ओढल्यासारखा जडपणा किंवा गळती, काहीही झालं तर थांबायचं. माझं डाव्या पायावरच्या उड्यांना अडलं. तीन-चार उड्या झाल्या आणि थेंब आला. मॅडमनी वहीत तेवढं लिहून घेतलं आणि मला परत पुलावर, म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलायच्या व्यायामावर आणलं. त्या दिवशी मी घरी येऊन रडले. पण पुढच्या तपासणीत उड्या कोरड्या पार पडल्या, आणि तो आनंद मला पदकाइतकाच वाटला.

सासूबाईंची काळजी वेगळी होती. "पळून अंगावरचं दूध आटलं म्हणजे?" त्यांना मी डॉक्टरांकडेच घेऊन गेले. बेताच्या व्यायामाने दूध कमी होत नाही, मात्र पाणी आणि जेवण भरपूर हवं, हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं. तेव्हापासून पहाटे पाजून झालं की बाळ त्यांच्याकडे. पाजूनच निघायचं, छाती हलकी राहते. आणि ब्रा एकावर एक दोन घालायच्या.

सुरुवात एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं अशी. जागा नेहरूनगरचं मैदान. पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला किलोनं चिकटते, तेव्हा संभाजी तलावाच्या बाजूने. श्वास लवकर परत आला, कंबर मात्र महिनोन्‌महिने सैल वाटत होती, म्हणून वेगाचं काम माझ्या प्रशिक्षक सरांनी दिवाळीपर्यंत दिलंच नाही. रात्री बाळाने जागवलं असेल तर त्या दिवशी फक्त चालणं. हा नियम सरांनी स्वतःहून घातला, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. दिवाळीनंतर 200 चे तुकडे आणि मग 600. 800 ची शर्यत खरी दुसऱ्या फेरीतच असते, तिथे पायात आम्ल साचतं आणि ढोपर वर येत नाही. त्याची सवय 600 पळूनच होते.

थंडीत जिल्ह्यात एक खुली स्पर्धा होती, नाव दिलं. पहिली फेरी 73 सेकंदांत, पोरींच्या मागे चिकटून. 600 च्या खुणेपाशी दोघी सुटल्या आणि मांड्या दगड झाल्या. हात जोरात मारा, हात मारले की पाय येतात, हे सरांचं जुनं वाक्य तेवढं ऐकू येत होतं. 2:32. चौथी आले. माझ्या जुन्या सर्वोत्तम वेळेपेक्षा 13 सेकंद जास्त. पण शर्यतभर एक थेंब नाही, कंबर दुखली नाही, आणि शेवटच्या वळणावर एकीला गाठलं होतं.

सरांनी आता 1500 चा पाया घालायला घेतलाय, आठवड्यातून एक लांब पळणं केगावच्या रस्त्याला. बाळाचं रात्रीचं पाजणं हळूहळू कमी करतेय. सलग झोप मिळायला लागली की वेगाचे दोन दिवस द्यायचं त्यांनी कबूल केलंय.