चहाडखोर पाटी

सॅन फ्रान्सिस्कोत चार दिवस होतो. गोल्डन गेट, समुद्रसिंह, अल्काट्राझ हे सगळं फोनमध्ये आहे, तिथेच राहू दे. लिहायचंय ते बुश स्ट्रीटवरच्या एका बोळाबद्दल आणि तिथल्या भिंतीवरच्या पाटीबद्दल. त्या पाटीचा राग अजून गेलेला नाही.

बोळाचं नाव बरिट स्ट्रीट. डॅशिएल हॅमेटच्या 'द माल्टीज फाल्कन'मध्ये खासगी गुप्तहेर सॅम स्पेडचा भागीदार माइल्स आर्चर याचा खून इथे होतो. पाटीवर एकच वाक्य आहे : साधारण या जागी स्पेडचा भागीदार आर्चर याला अमुक व्यक्तीने संपवलं. अमुकच्या जागी चक्क खुन्याचं नाव! लेखकाने जे शेवटच्या प्रकरणापर्यंत मुठीत ठेवलं, ते नगराच्या भिंतीवर धातूच्या अक्षरांत. पुस्तकाचं नाव मात्र नाही आणि लेखकाचंही नाही. म्हणजे ज्याने कादंबरी वाचलेली नाही त्याला वाटणार, इथे खरंच कुणी मेलं असेल. आणि जो वाचायला घेणार होता त्याचं वाटोळं. तेव्हा आधी पुस्तक वाचून या, नाहीतर पाटीकडे पाठ करून उभे राहा.

आणि उभं राहण्यासारखी जागा आहे, हे तितकंच खरं. युनियन स्क्वेअरकडून स्टॉकटन स्ट्रीटने सरळ चालत आलात की समोर बोगदा लागतो. आत शिरू नका. तोंडाशीच जिना आहे, तो चढलात की बुश स्ट्रीट. बोगद्याच्या डोक्यावरून रस्ता जातो, त्यामुळे कठड्याशी वाकलं की खाली स्टॉकटनवरची वाहनं दिसतात. कादंबरीत रात्री दोननंतर फोन येतो, स्पेड टॅक्सीने इथे उतरतो आणि याच कठड्यावर हात टेकून खाली बघतो. धुक्याने दगड ओला असतो. आजही असतो, जुलैतसुद्धा. कॅलिफोर्निया म्हणून नुसत्या सुती शर्टावर येणाऱ्यांची इथे दातखीळ बसते.

कठड्यापासून थोडं पॉवेलच्या बाजूला गेलं की डाव्या हाताला बरिट. कादंबरीतल्या काळी बोळाच्या डाव्या कडेला फळ्यांचं कुंपण होतं आणि पलीकडे उघडा उतार. गोळी लागल्यावर आर्चर कुंपण मोडून त्या उतारावर कोसळतो. आता तिकडे इमारती आहेत, उतार दिसत नाही. पण बोळाच्या तोंडाशी उभं राहिलं की स्पेडचा सगळा हिशेब डोळ्यांसमोर मांडल्यासारखा होतो. आर्चरचं पिस्तूल कमरेलाच, एकही गोळी न झाडलेलं. वरच्या ओव्हरकोटाची बटणं लावलेली. गोळी इतक्या जवळून, की कोट होरपळलेला. आता बघा, पुढे रस्ता बंद आहे हे बाहेरूनच कळतं. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्या माणसामागे, कोट बंद ठेवून, अंधाऱ्या आंधळ्या बोळात कोण शिरेल? पाळतीत मुरलेला माणूस तर नाहीच. मग तो कुणाबरोबर शिरला? पुढचं मी सांगणार नाही. ते काम पाटीने केलंच आहे.

हॅमेटला हे सुचलं याचं कारण तो स्वतः पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरीला होता. त्याच्या आणखी एका गुप्तहेराला तर नावच नाही. बुटका, जाडा, चाळिशीचा, नोकरदार. आपल्या जुन्या रहस्यकथांतल्या नायकासारखी दाढी चिकटवून वेषांतर वगैरे भानगड नाही. तो पाळतीचे चार नियम सांगतो : शक्यतो मागे राहा, लपायचा प्रयत्न करू नका, काहीही झालं तरी साधं वागा, नजरेला नजर देऊ नका. दुसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. दाराआड दडणारा माणूस चटकन डोळ्यांत भरतो, पानाच्या ठेल्याशी रेंगाळणारा भरत नाही. पण हे सपाट गावातलं झालं. या शहरात चढावर माणूस पुढे असेल तर त्याने सहज मागे वळून पाहिलं तरी खालचा अख्खा फुटपाथ त्याला दिसतो. अंतर वाढवावं तर चढ ओलांडला की तो गायब.

पिंकर्टनची कचेरी मार्केट स्ट्रीटवरच्या फ्लड बिल्डिंगमध्ये होती. 1904 सालची इमारत, 1906 च्या भूकंपातून वाचलेली. तिच्या कोपऱ्यावर केबल कारसाठी, म्हणजे रस्त्याखालच्या तारेने ओढल्या जाणाऱ्या ट्रामसाठी, ही भली मोठी रांग असते. मला रांगांचं वावडं आहे, मी चालत गेलो. गुडघ्यांनी दोन दिवस आठवण ठेवली. मागे एलिस स्ट्रीटवर 1908 पासूनचं जॉन्स ग्रिल. स्पेड इथे घाईघाईत चॉप्स, भाजलेला बटाटा आणि टोमॅटोच्या चकत्या खातो. कादंबरीत सगळे ज्याच्या मागे लागतात त्या फाल्कनचा, म्हणजे बहिरी ससाण्याचा, पुतळाही आहे; आधीचा 2007 साली चोरीला गेला. चोरांनी कादंबरी वाचली होती म्हणायचं.

पोस्ट आणि हाइडच्या कोपऱ्यावर 891 नंबरची इमारत. हॅमेट इथे 1926 ते 1929 राहिला आणि पहिल्या तीन कादंबऱ्या इथेच लिहिल्या. स्पेडच्या खोलीतला भिंतीत दुमडून जाणारा पलंगही इथलाच म्हणतात. बाहेरूनच बघायचं.

एक चूक मात्र या कादंबरीवरच्या सिनेमाची. आर्चरचा जीव घेणारं हत्यार म्हणजे वेब्ली-फॉस्बरी रिव्हॉल्व्हर. गोळी सुटली की धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो आणि गोळ्या भरायच्या चक्रावरच्या वेड्यावाकड्या खाचांमुळे चक्र फिरतं. मूठ सैल पडली किंवा खाचांत माती गेली की अडकतं. कादंबरीत ते .38 बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), आठ गोळ्यांचं आहे आणि तसं खरंच बनत असे. 1941 च्या सिनेमात आठ गोळ्या तशाच ठेवून बोअर मात्र .45 सांगितलंय. मोठ्या बोअरच्या त्या चक्रात सहाच मावतात.

बरिटच्या समोरच्या बाजूला एका चढावाच्या गल्लीला आता हॅमेटचं नाव आहे. तो तिथेही काही काळ राहिला होता. तिथून परतताना पाटीचा फोटो काढलाच. खाली टाकलाय. उजव्या कोपऱ्यातलं धूसर, गुलाबी काय ते माझा अंगठा आहे, आणि तो मुद्दाम ठेवलाय.