सोडियमच्या नळीचं गणित

माझे मामा काणकोणचे. त्यांच्या लेखी अणुभट्टी म्हणजे कारवारजवळचं कैगा: २२० मेगावॉटची चार युनिटं, आणि गाभ्यातली उष्णता बाहेर आणायला जड पाणी फिरवत ठेवणारे अवाढव्य पंप. चवथीला माटोळीखाली पातोळ्या खाताना त्यांनी विचारलं, "तुझ्या भट्टीला पंपच नाही म्हणतेस, मग ती थंड कशी होते गो?"

हीट पाइपने. ही दोन्ही टोकं बंद केलेली धातूची नळी. आतली हवा काढून थोडं सोडियम भरायचं, भिंतीला आतून बारीक जाळी लावायची. गाभ्यातलं टोक तापलं की सोडियमची वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे द्रव होऊन उष्णता सोडते, आणि समईच्या वातीत तेल चढावं तसा तो द्रव जाळीतून आपोआप परत येतो. किलोभर सोडियमची वाफ होताना सुमारे ४००० किलोज्यूल उष्णता घेते. पाण्यापेक्षा पाऊणपट जास्तच.

नळी तापून स्थिरावली की हिशेब सोपा. डोकं खातं ते थंड भट्टी सुरू करणं. ९८ अंशांखाली सोडियम घट्टच असतं. वितळलं तरी ४२५ अंशांना वाफेचा दाब जेमतेम १०० पास्कल. इतक्या विरळ वाफेला उष्णता वाहायची तर भन्नाट वेगाने पळावं लागतं, आणि वेग ध्वनीच्या वेगाला टेकला की मग दुसरं टोक कितीही गार करा, जास्त काही जात नाही. एक सेंटिमीटर व्यासाच्या वाफमार्गाला ही मर्यादा ४२५ अंशांना तीसेक वॅट येते, ६७५ ला अडीच किलोवॅटच्या घरात. एवढ्या उडीतून संगणकावरचं मॉडेल न्यायचं तर काळाची पावलं अगदी बारीक करावी लागतात. रन रात्रभर चालतो, आणि पावसाळ्यात फोंड्यात वीज जायची ती नेमकी पहाटे. दर थोड्या वेळाने निकाल साठवून ठेवायची सवय मला पुस्तकांनी नाही, जूनने लावली.

वाफेची त्रिमितीय रंगीत चित्रं सेमिनारमध्ये टाळ्या घेतात. मला त्यांचं फारसं कौतुक नाही. भट्टीत नळ्या शेकड्यांनी असू शकतात. प्रत्येकीचं असं चित्र काढायला आयुष्य पुरायचं नाही. अमेरिकेतल्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीचं 'सॉकआय' हे हीट पाइपचं सॉफ्टवेअर वाफ आणि द्रवाचा प्रवाह फक्त नळीच्या लांबीच्या दिशेने सोडवतं, तेच मला शहाणपणाचं वाटतं. पडताळायला खरे आकडेही आहेत: मार्च २०१८ मध्ये नेवाडात 'क्रस्टी' ही छोटी भट्टी सोडियमच्या आठ हीट पाइपांवर २८ तास चालवली, गाभा ८०० अंशांच्या आसपास.

सध्या मी मॉडेलमध्ये एकेक नळी मुद्दाम बंद पाडून बघते आहे. मधली गेली तर तिची उष्णता भोवतालच्या सहा जणी वाटून घेतात. त्या जास्त तापतात, ध्वनीची मर्यादा मागे पडते. मग प्रश्न उरतो तो जाळी तेवढा द्रव ओढून परत आणेल का, हा. कडेच्या नळीवर मुळात भार कमी, पण तिला शेजारीही कमी. मधलीपेक्षा मला तीच जास्त छळते आहे.